अकरा महिन्यांचा करार, तीस वर्षांची तार

भाड्याच्या घरात वातानुकूलन यंत्र बसवण्याच्या प्रश्नात तीन निरनिराळे कालावधी एकमेकांत गुंतलेले असतात. बंगळूरचा खरा उन्हाळा मार्च ते मे असा जेमतेम तीन महिन्यांचा असतो, भाडेकरार बहुतेक वेळा अकरा महिन्यांचा असतो आणि गिलाव्याखालच्या नळीतून गेलेली विजेची तार मात्र पंचवीस-तीस वर्षे तिथेच राहते. भाडेकरू उन्हाळ्याचा विचार करून यंत्र विकत घेतो, घरमालक कराराचा विचार करून भिंत खराब होऊ नये एवढेच पाहतो, आणि तारेचा विचार कोणाच्याच वाट्याला येत नाही. यंत्राचे सारे ओझे मात्र तीच तार वाहते. म्हणून मीटरपासून कॉम्प्रेसरपर्यंतची विजेची वाट कशी असते, ती कुठे अपुरी पडते आणि भाड्याच्या घरात ती नीट करण्याची जबाबदारी कोणी व कशी घ्यावी, याचा विचार या प्रकरणात बंगळूरच्या उत्तरेकडील येलहंका या उपनगराच्या आधाराने केला आहे. बोलीत रूढ झालेला ‘एसी’ हाच शब्द पुढे सर्वत्र वापरला आहे.

येलहंक्याची घरे आणि त्यांतील विजेच्या वाटा

१९०२ साली कावेरीवरील शिवसमुद्र येथील जलविद्युत केंद्रातून कोलारच्या सोन्याच्या खाणींना वीज मिळू लागली आणि त्याच वर्षी अमेरिकेत विलिस कॅरियर या अभियंत्याने एका छापखान्यातील हवेची आर्द्रता ताब्यात ठेवण्यासाठी आधुनिक वातानुकूलनाचा पहिला आराखडा तयार केला. ५ ऑगस्ट १९०५ रोजी बंगळूरच्या रस्त्यांवर शिवसमुद्राच्या विजेचे दिवे लागले. तथापि वीज आणि वातानुकूलन या दोन गोष्टींची बंगळूरच्या सामान्य घरात गाठ पडायला त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षे लागली. समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर वसलेल्या या शहरात छताचा पंखासुद्धा वर्षातले काही महिनेच फिरत असे. त्यामुळे येथील घरांत वीजजोडणी करताना दिवे, पंखे, मिक्सर, फ्रीज आणि न्हाणीघरातील गिझर एवढाच भार गृहीत धरला जाई. जास्त प्रवाहाचा, म्हणजे ज्याला वायरमन आजही सवयीने ‘पंधराचा पॉइंट’ म्हणतात तो प्लग, स्वयंपाकघरात एक आणि गिझरसाठी एक असला की काम पुरे मानले जाई. भारतीय मानकानुसार आता त्याची क्षमता १६ अँपिअर आहे. निजण्याच्या खोलीत तसा पॉइंट ठेवण्याचे कारणच नव्हते.

येलहंक्यात घरांच्या दोन पिढ्या शेजारी शेजारी दिसतात. कर्नाटक गृहनिर्माण मंडळाने वसवलेल्या न्यू टाउनमध्ये आणि जुन्या गावाभोवतीच्या वसाहतींत मूळच्या बैठ्या घरांवर हळूहळू मजले चढले, आणि घरमालक एका मजल्यावर राहून बाकीचे मजले भाड्याने देऊ लागले. मे २००८ मध्ये देवनहळ्ळीचा नवा विमानतळ सुरू झाल्यावर बळ्ळारी रस्त्याच्या आजूबाजूला उंच सदनिका-संकुले उभी राहिली आणि त्यांतील बऱ्याच घरांत एसीचे पॉइंट बांधकामाच्या वेळीच आले. पहिल्या पिढीच्या घरांत ते आले नाहीत. एप्रिल २०१६ मध्ये बंगळूरचे तापमान ३९.२ अंश सेल्सियसपर्यंत गेले, एप्रिल २०२४ मध्ये ते पुन्हा ३८.५ अंशांपर्यंत पोहोचले, आणि दिवसभर तापलेल्या स्लॅबखाली सर्वांत वरच्या मजल्यावर राहणाऱ्या भाडेकरूला एसी ही चैन न राहता झोपेची गरज वाटू लागली. गरज बदलली, पण भिंतीतली तार तीच राहिली.

वीज कमी आहे म्हणून ही अडचण येते, असे नाही. येलहंक्यातच कर्नाटक ऊर्जा निगमाचा ३७० मेगावॅट क्षमतेचा वायूवर चालणारा वीजप्रकल्प आहे. परंतु उशाशी एवढे मोठे केंद्र असले तरी खोलीपर्यंत येणारी वीज शेवटी पेन्सिलीतल्या शिशाएवढ्या जाडीच्या तांब्यातूनच यावी लागते, आणि त्या शेवटच्या वीस-पंचवीस मीटरांतच बहुतेक दोष दडलेले असतात.

एसी किती वीज ओढतो

एसीच्या संदर्भात ‘टन’ हा शब्द यंत्राच्या वजनाचा नव्हे, तर उष्णता बाहेर काढण्याच्या वेगाचा आहे. बर्फाने खोल्या आणि गोदामे थंड ठेवण्याच्या काळात तो रूढ झाला. एक अमेरिकन टन, म्हणजे सुमारे ९०७ किलो बर्फ २४ तासांत वितळताना ज्या वेगाने उष्णता शोषून घेतो, तो वेग म्हणजे एक टन, आणि विजेच्या भाषेत तो सुमारे ३.५ किलोवॅट भरतो. त्या हिशेबाने दीड टनी एसी खोलीतून सुमारे ५.३ किलोवॅट उष्णता बाहेर फेकू शकतो. पण तेवढी वीज त्याला लागत नाही, कारण तो उष्णता निर्माण करत नसून ती फक्त आतून बाहेर वाहून नेत असतो. पूर्ण जोराने चालताना दीड टनी एसी साधारण १.५ ते १.८ किलोवॅट वीज घेतो. २३० व्होल्ट दाबाला हा भार सुमारे ७ ते ८ अँपिअर प्रवाहाएवढा होतो.

आठ अँपिअर हा आकडा गिझरच्या तुलनेत फारसा मोठा वाटत नाही, कारण दोन किलोवॅटचा गिझरही जवळजवळ नऊ अँपिअर घेतो. मात्र गिझर पंधरा-वीस मिनिटांत बंद होतो आणि त्या अवधीत तापलेली तार पुढे दिवसभर निवत राहते. एसी मात्र रात्री दहापासून सकाळी सहापर्यंत चालतो, आणि तोही अशा ऋतूत की ज्या भिंतीतून तार गेलेली आहे ती भिंतच आधी तापलेली असते. तारेची कसोटी प्रवाहाच्या आकड्याइतकीच त्याच्या कालावधीवरही अवलंबून असते, ही गोष्ट घरगुती हिशेबात बहुधा निसटते.

जुन्या पद्धतीच्या, म्हणजे एकाच वेगाने फिरणाऱ्या कॉम्प्रेसरच्या एसीबाबत आणखी एक बाब लक्षात घ्यावी लागते. स्थिर असलेली मोटर फिरू लागते त्या क्षणी ती नेहमीच्या प्रवाहाच्या चार-पाच पट प्रवाह ओढते आणि त्यामुळे घरातील दिवे क्षणभर मंदावतात. इन्व्हर्टर पद्धतीच्या एसीत मोटरचा वेग इलेक्ट्रॉनिक मंडलाने हळूहळू वाढवला जातो, म्हणून हा झटका बसत नाही. परंतु इन्व्हर्टर एसीचाही एक स्वभाव समजून घ्यायला हवा. त्याला ठरावीक काम करायचे असते, त्यामुळे विजेचा दाब घसरला तर तो प्रवाह वाढवून ती तूट भरून काढतो. २३० व्होल्टला १७०० वॉटसाठी ७.४ अँपिअर पुरतात, तर दाब १८० व्होल्टपर्यंत उतरल्यास तेवढ्याच कामाला सुमारे ९.४ अँपिअर लागतात. ज्या संध्याकाळी साऱ्या गल्लीत एसी चालू असतात आणि दाब उतरलेला असतो, त्याच संध्याकाळी तारेवर सर्वांत जास्त ताण येतो.

तारेची जाडी आणि तिची उष्णता

तारेची जाडी तिच्या छेदाच्या क्षेत्रफळाने, म्हणजे चौरस मिलिमीटरमध्ये सांगितली जाते, आणि दुकानात ‘दीडची’, ‘अडीचची’, ‘चारची’ अशी नावे रूढ आहेत. दिव्यापंख्यांना एक किंवा दीडची, पॉवर पॉइंटला अडीचची आणि दीड टनी एसीला चारची तांब्याची तार वापरणे ही आज चांगली पद्धत मानली जाते. नळीत बसवलेली अडीचची तार साधारण १८ ते २० अँपिअर आणि चारची साधारण २४ ते २६ अँपिअर प्रवाह सोसू शकते. मग आठ अँपिअरच्या यंत्राला चारची तार कशाला, हा प्रश्न स्वाभाविक आहे, आणि त्याचे उत्तर तारेत निर्माण होणाऱ्या उष्णतेच्या नियमात आहे.

प्रत्येक तार प्रवाहाला थोडा अडथळा करते. त्याला रोध म्हणतात, आणि त्या रोधामुळे तारेत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या पटीत वाढते. अडीचच्या तांब्याच्या तारेचा रोध दर किलोमीटरला सुमारे ८ ओहम असतो. वितरण पेटी, म्हणजे जिला सगळे ‘डीबी’ म्हणतात ती आपोआप पडणाऱ्या खटक्यांची (एमसीबींची) पेटी, खोलीतल्या पॉइंटपासून २० मीटर दूर असेल, तर जाऊन-येऊन ४० मीटर तार लागते आणि तिचा रोध सुमारे ०.३२ ओहम भरतो. तीतून आठ अँपिअर वाहिले तर सगळ्या तारेत मिळून सुमारे २० वॉट उष्णता निर्माण होते आणि ती लांबीभर विखुरली जात असल्यामुळे धोका नसतो. आता याच तारेवर तीन किलोवॅटच्या मोठ्या गिझरचा १३ अँपिअरचा भार आला, म्हणजे एकूण प्रवाह २१ अँपिअर झाला, तर प्रवाह अडीच पटींहून थोडा जास्त होतो, पण उष्णता १४० वॉटपर्यंत, म्हणजे सुमारे सात पट वाढते. गिझरच्या लाइनवरूनच एसी चालवण्याचा जो सोपा उपाय सुचवला जातो, त्याचा खरा अर्थ हा आहे.

तारेभोवतीचे पीव्हीसीचे वेष्टण साधारण ७० अंश तापमानापर्यंत टिकेल असे बनवलेले असते, आणि त्यापुढे तापमान जेवढे चढते तेवढे ते अधिक लवकर कडक होते, तडकते आणि अखेर उघडे पडते. तापमान दर दहा अंशांनी वाढले की वेष्टणाचे आयुष्य जवळजवळ निम्मे होते, असा विद्युत अभियंत्यांचा ढोबळ अनुभवनियम आहे. म्हणून जाड तार वापरण्याने थोडी वीज वाचते, शिवाय वेष्टणाची वर्षेही वाचतात. तार जळाली नाही याचा अर्थ ती सुरक्षित आहे असा होत नाही. रोज थोडी जास्त तापणारी तार आपले आयुष्य हळूहळू खर्च करत असते आणि तिचा शेवट कदाचित पुढच्या भाडेकरूच्या वाट्याला येतो.

याच नियमाने एक्स्टेन्शन बोर्डचाही निकाल लागतो. बाजारात मिळणाऱ्या साध्या बोर्डची दोरी बहुधा एक चौरस मिलिमीटरची किंवा त्याहूनही बारीक असते, ती पलंगाखाली वेटोळे करून ठेवलेली असते, आणि वेटोळ्यातल्या तारा एकमेकींची उष्णता अडवून धरतात. ‘दोन महिन्यांचाच तर प्रश्न आहे’ असे म्हणत हॉलमधल्या प्लगपासून निजण्याच्या खोलीतल्या एसीपर्यंत अशी दोरी ओढणे, ही भाड्याच्या घरातील सर्वांत सामान्य आणि सर्वांत धोकादायक सोय आहे.

सैल जोडाचा धोका

तार पुरेशी जाड असली तरी तिची टोके जिथे स्क्रूखाली दाबलेली असतात तिथे ती सैल असतील, तर वरचा सगळा हिशेब निरुपयोगी ठरतो. प्लगच्या आत सैल पडलेल्या जोडाचा रोध अर्धा ओहम झाला आणि त्यातून आठ अँपिअर वाहिले, तर त्या टिचभर जागेत ३२ वॉट उष्णता निर्माण होते. रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणाऱ्यांच्या हातातली कथिलाचे डाग देणारी सळई साधारण २५ वॉटची असते आणि तिच्याने धातू वितळतो, हे लक्षात घेतले म्हणजे सैल जोडाची ताकद कळते. चाळीस मीटर तारेत विखुरलेले २० वॉट निरुपद्रवी असतात, पण एका स्क्रूच्या डोक्याखाली एकवटलेले ३२ वॉट प्लास्टिक पिवळे करतात, मग तपकिरी करतात आणि अखेर पेटवतात. तापलेल्या जोडावर काजळीसारखा थर धरतो, त्यामुळे रोध आणखी वाढतो, रोध वाढल्याने उष्णता वाढते, आणि दोष आपोआप बळावत जातो.

अशा जोडातून जाणारा प्रवाह नेहमीचाच, म्हणजे आठ अँपिअरच असतो. त्यामुळे जास्त प्रवाहावर नजर ठेवणाऱ्या कोणत्याही साधनाला हा दोष दिसत नाही. तो ओळखायचा तो नाकाने आणि हाताने: एसी तासभर चालवून नंतर बंद केल्यावर प्लगचे तोंड कोमट लागावे, चटका बसू नये, आणि बोर्डाजवळ करपलेल्या प्लास्टिकचा वास येऊ नये. जुन्या बांधकामात कुठे ॲल्युमिनियमची तार उरली असेल तर ही काळजी दुप्पट घ्यावी लागते. ॲल्युमिनियमचा रोध तांब्याच्या सुमारे दीडपट असतो, शिवाय ते तापल्यावर अधिक फुगते आणि निवल्यावर आक्रसते, त्यामुळे स्क्रूखालचा जोड आपसूक ढिला होत जातो.

एमसीबी, आरसीसीबी आणि अर्थिंग

एमसीबी हा ठरावीक मर्यादेपलीकडे प्रवाह गेल्यास आपोआप पडणारा खटका होय, आणि तो यंत्राच्या रक्षणासाठी बसवलेला असतो असा व्यापक गैरसमज आहे. वास्तविक तो त्याच्यापुढच्या तारेचा पहारेकरी असतो आणि त्याची क्षमता तारेच्या क्षमतेवरून ठरवायची असते. मानकानुसार एमसीबीने आपल्या क्षमतेच्या १.१३ पट प्रवाह तासभर सोसला पाहिजे आणि १.४५ पट प्रवाह आल्यास तासाच्या आत पडले पाहिजे. म्हणजे या दोन मर्यादांच्या मधल्या प्रवाहाला तो तासभर गप्प राहू शकतो. गिझर आणि एसी मिळून २१ अँपिअर घेणाऱ्या लाइनवर १६ अँपिअरचा एमसीबी असेल, तर हा भार त्याच्या १.३१ पट होतो. तार सात पट उष्णता सोसत असतानाही खटका पडेलच असे नाही. ‘एमसीबी पडत नाही म्हणजे सगळे ठीक आहे’ हा दिलासा म्हणूनच फसवा आहे. त्याहून घातक उपाय म्हणजे वारंवार पडणारा १६ अँपिअरचा एमसीबी काढून त्या जागी ३२ अँपिअरचा बसवणे. त्याने तक्रार थांबते, पण तारेचा पहारेकरीच उठून जातो.

एमसीबीचे ‘बी’, ‘सी’ आणि ‘डी’ असे प्रकार असतात, आणि क्षणिक मोठ्या प्रवाहाला ते किती पटींपर्यंत सोसतात यावरून ते ठरतात. बी प्रकार ३ ते ५ पटींना, तर सी प्रकार ५ ते १० पटींना तत्काळ पडतो. एसीच्या मोटरला सुरुवातीचा झटका असतो म्हणून त्यासाठी सी प्रकार योग्य ठरतो. चारच्या तारेवर २० अँपिअरचा, फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा, म्हणजे दुहेरी सी प्रकारचा एमसीबी आणि भिंतीवर प्लगसहित धातूचा ‘एसी बॉक्स’ ही जोडी दीड टनी यंत्राला पुरेशी असते.

एमसीबी तारेला राखतो, पण माणसाला राखत नाही. प्राणघातक धक्का बसायला अँपिअरचा छोटा अंशही पुरतो आणि तेवढ्याने कोणताही एमसीबी हलत नाही. त्यासाठी आरसीसीबी हे वेगळे साधन असते. फेजमधून गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून पुरता परत येतो की नाही हे ते सतत ताडून पाहते आणि ३० मिलिअँपिअरची तूट दिसताच ०.३ सेकंदाच्या आत पुरवठा तोडते. जुने वायरमन याला ईएलसीबी म्हणतात. एसीची नवी लाइन टाकताना तिचा न्यूट्रल दुसऱ्या सर्किटच्या किंवा घरातील यूपीएसच्या न्यूट्रलला जोडला गेला, तर आरसीसीबीला ती तूटच वाटते आणि तो पुन्हा पुन्हा पडतो. अशा वेळी आरसीसीबी ‘खराब’ ठरवून वगळला जातो, पण चूक न्यूट्रलच्या जोडणीत असते.

तिसरा आधार अर्थिंगचा, म्हणजे यंत्राच्या धातूच्या अंगापासून हिरव्या तारेने थेट जमिनीपर्यंत नेलेल्या वाटेचा. आतली तार सुटून पत्र्याला टेकली तर प्रवाह माणसाच्या शरीरातून न जाता या सोप्या वाटेने जावा, हा तिचा हेतू. जुन्या घरांत प्लगला तिसरे भोक असते, पण त्यामागे हिरवी तार असेलच याची खात्री नसते, आणि असली तरी ती खालच्या अर्थिंगच्या खड्ड्यापर्यंत अखंड गेलेली असेलच असेही नाही. बंगळूरच्या जमिनीत थोड्या मातीखाली कठीण नाइस खडक लागतो आणि मार्च-एप्रिलमध्ये वरची माती कोरडी पडते. कोरडी माती विजेला वाट देत नाही, त्यामुळे ज्या महिन्यांत एसी सर्वांत जास्त चालतात त्याच महिन्यांत अर्थिंग सर्वांत दुबळे होते. कोळसा आणि मीठ भरलेल्या खड्ड्यात उन्हाळ्यात अधूनमधून पाणी घालण्याची पद्धत यासाठीच आहे, आणि ती जपणे हे घरमालकाचे काम आहे.

खोलीबाहेरचा अर्धा प्रश्न

खोलीतील लाइन निर्दोष झाली तरी मीटरपासून डीबीपर्यंतची मुख्य तार आणि खांबावरून इमारतीत येणारी जोडणी यांचा विचार उरतोच. बंगळूरला वीजपुरवठा करणारी बेस्कॉम ही कंपनी २००२ पासून कार्यरत आहे. तिच्या प्रत्येक जोडणीला एक आरआर नंबर असतो आणि त्यासोबत ‘मंजूर भार’, म्हणजे त्या जोडणीवर किती किलोवॅटपर्यंत वीज घेण्याची परवानगी आहे, हा आकडा नोंदलेला असतो. दोन किलोवॅट मंजूर असलेल्या मजल्यावर दीड टनी एसी, गिझर आणि इस्त्री एकाच वेळी चालू झाली की ती मर्यादा सहज ओलांडली जाते. जोडणी बहुधा घरमालकाच्या नावावर असल्यामुळे वाढीव भाराचा अर्ज त्यानेच करावा लागतो, आणि वाढीव भारानुसार स्थिर आकारही वाढतो. चार मजल्यांवर चार भाडेकरूंनी आपापला एसी लावला आणि कोणीच भार वाढवून घेतला नाही, तर प्रत्येकाची लाइन स्वतंत्रपणे बरोबर असूनही इमारतीची मुख्य तार मात्र तापत राहते.

तीन फेजच्या इमारतीत साधारणपणे प्रत्येक मजला एकेका फेजवर टाकलेला असतो. एक फेज गेली की ‘चेंजओव्हर’ फिरवून घर दुसऱ्या फेजवर घेण्याची सोय बऱ्याच घरांत असते, पण उन्हाळी रात्री दोन मजल्यांचे एसी एकाच फेजवर आले तर तिच्यावर दुप्पट भार येतो. याहून गंभीर दोष म्हणजे इमारतीचा सामायिक न्यूट्रल सैल होणे. त्या वेळी कमी भार असलेल्या मजल्यावरचा दाब २३० वरून ४०० व्होल्टच्या दिशेने चढू शकतो आणि महागडी इलेक्ट्रॉनिक उपकरणे काही क्षणांत निकामी होतात.

खर्चाचा प्रश्नही येथेच येतो. कर्नाटक सरकारची गृहज्योती योजना जुलै २०२३ पासून भाडेकरूंनाही लागू आहे, आणि तिच्यात सवलतीची कमाल मर्यादा महिन्याला २०० युनिट आहे. त्यापलीकडे वापर गेला की पूर्ण बिल भरावे लागते. सरासरी ०.८ किलोवॅटने रोज आठ तास चालणारा एसी महिन्याला एकटाच १९२ युनिट खातो, म्हणजे घरातील बाकी सगळ्या वापरासाठी आठच युनिट उरतात. जानेवारी २०२० पासून भारतात विकले जाणारे एसी सुरू होताना २४ अंशांवर सुरू व्हावेत असा ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचा दंडक आहे. तापमान १८ वर न नेता तिथेच ठेवले तर बिल वाचते, शिवाय कॉम्प्रेसरला मधून मधून उसंत मिळते आणि तीच उसंत तारेलाही मिळते.

तार कोणाची, जबाबदारी कोणाची

अकरा महिन्यांच्या कराराची प्रथा पडली ती १९०८ च्या नोंदणी कायद्यामुळे, कारण एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी त्या कायद्याने सक्तीची केली आहे. ही प्रथा कागदोपत्री सोयीची असली तरी तिने भाडेकरूची नजर आखूड केली आहे. जे घर वर्षभरात सुटण्याचा संभव आहे त्याच्या भिंतीत चारची तार टाकण्यात पैसे का घालायचे, असे त्याला वाटते. घरमालकालाही, एसी ज्याला हवा त्यानेच काय ते करावे, असे वाटते. दोन्ही बाजू आपापल्या ठिकाणी समजण्यासारख्या आहेत, आणि म्हणूनच तोडगा करारात लिहून ठेवावा लागतो.

१८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे १०८ वे कलम येथे उपयोगी पडते. वेगळा करार नसेल तर, भाडेकरू ताबा असेपर्यंत स्वतः बसवलेल्या वस्तू काढून नेऊ शकतो, मात्र जागा त्याला मिळाली होती त्याच स्थितीत परत द्यावी लागते, आणि घरमालकाच्या संमतीशिवाय कायमचे बांधकाम करता येत नाही, असे ते कलम सांगते. या तत्त्वाशी जुळणारी पद्धत म्हणजे भिंत न फोडता पीव्हीसीच्या केसिंग पट्टीतून भिंतीवरून लाइन नेणे. डीबीतील मोकळ्या जागेत स्वतंत्र एमसीबी बसवून छताच्या किंवा जोत्याच्या कडेने पट्टी निजण्याच्या खोलीपर्यंत नेली, तीत फेज आणि न्यूट्रलसाठी चारच्या तारा आणि अर्थिंगसाठी अडीचची हिरवी तार घातली, तर काम एका दिवसात होते, दोष शोधणे सोपे जाते आणि घर सोडताना पट्टी काढून स्क्रूची भोके बुजवणे एवढेच उरते.

तरीही ही लाइन काढून नेण्यापेक्षा तिथेच राहू देणे सर्वांच्या हिताचे आहे. भाडेकरू एसी सोबत नेईल, पण तार त्याच्या पुढच्या घराच्या मापाची असेलच असे नाही. घरमालकाला मात्र ती लाइन पुढच्या प्रत्येक भाडेकरूसाठी उपयोगी पडते. म्हणून तार, एमसीबी आणि अर्थिंग यांचा खर्च घरमालकाने करावा किंवा भाडेकरूने केल्यास तो भाड्यातून वळता करून घ्यावा, आणि यंत्र, ते बसवण्याची मजुरी आणि बाहेरच्या युनिटचा आधार यांचा खर्च भाडेकरूने करावा, ही विभागणी न्याय्य ठरते. काम परवानाधारक विद्युत कंत्राटदाराकडून व्हावे, लाइन कुठून कुठे गेली आहे, तार किती जाडीची आहे आणि एमसीबी किती अँपिअरचा आहे हे कराराला जोडलेल्या एका कागदावर नोंदवावे, आणि त्याची एक प्रत डीबीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवावी. भिंतीत काय आहे हे ज्याला दिसत नाही, त्या पुढच्या माणसासाठी ती नोंद मोलाची असते.

बंगळूरच्या जुन्या घरांना ज्यांनी तारा घातल्या त्यांनी चूक केली नव्हती. त्यांनी आपल्या वेळच्या हवेचा हिशेब बरोबर केला होता. आता त्याच भिंतींना नव्या उन्हाळ्याचा भार उचलायचा आहे आणि तो हिशेब नव्याने मांडण्याची पाळी आजच्या घरमालकांवर आणि भाडेकरूंवर आली आहे. तो मांडताना दुकानातल्या यंत्रापासून नव्हे, तर घराबाहेरच्या मीटरपासून सुरुवात करावी. मंजूर भार, मुख्य तार, अर्थिंग, एमसीबी आणि पॉइंट या क्रमाने वाट पारखून मगच एसी घरात आणावा. करार संपल्यावर भाडेकरू निघून गेला तरी त्याने टाकून घेतलेली चांगली तार त्या भिंतीवर राहील, आणि त्याला कधीही न भेटलेले एखादे कुटुंब त्या खोलीत अनेक उन्हाळे निर्धास्त झोपेल.